मागचा उजवा शॉक

टायरच्या दुकानात चाकांची अलाइनमेंट करायला लागून मला बावीस वर्षं झाली. गाडी एका बाजूला ओढते म्हणून रोज कुणी ना कुणी येतं, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाडीत काहीही नसतं. ओढत असतो तो चालवणारा. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणते, म्हणून मालक मला काउंटरवर उभं राहू देत नाहीत. पण हीच म्हण घरात म्हणायची वेळ आली, तेव्हा माझी दातखीळ बसली.

आमचे हे निवृत्त सर्व्हेअर. दोनच माणसं बसतील अशी एक जुनी, बुटकी स्पोर्ट्स कार आहे आमच्याकडे. आठवडाभर तिच्यातून भाजी येते आणि महिन्यातल्या एका रविवारी हे ती क्लबच्या शर्यतीत चालवतात. शर्यत म्हणजे गाड्यांची झोंबाझोंबी नव्हे. मोठ्या डांबरी पटांगणावर नारिंगी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखलेली असते. एका वेळी एकच गाडी. वाट दर वेळी नवी. सकाळी पायी फिरून ती पाठ करायची आणि मग मिनिटभरात सुसाट जाऊन यायचं. शंकू पाडला तर दोन सेकंदांचा दंड. वळण चुकलं तर अख्खी फेरी बाद. यांना वाट एकदा चालून पाहिली की पुरे व्हायची. क्लबातले यांना ‘नकाशा’ म्हणतात. आताशा जरा हळू आवाजात म्हणतात.

या हंगामाच्या पहिल्याच रविवारी यांनी तिसरं वळण सोडलं. परत येऊन म्हणाले, “गाडीचं तोंड वळत नाही गं.” मी विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला मला बरं वाटलं.

आमचा गट रस्त्यावरच्या गाड्यांचा. कंपनीतून आली तशीच गाडी ठेवायची, आतली सीट काढून वजन कमी केलं तरी बाहेर. सवलती मोजक्याच. टायर, ब्रेक पॅड आणि चाकांचे धक्के झेलणारे चार शॉक बदलता येतात. वळताना गाडी कलू नये म्हणून खाली आडवा बार असतो, तो पुढचा नाहीतर मागचा, एकच बदलायचा. चाकाचा कल कंपनीच्या बोल्टनं हलेल तेवढाच हलवायचा. बोल्टचं भोक किसून मोठं केलंत तर घरी जा. मी पुढचा बार बदलला. दुसऱ्या महिन्यात हे दोन वळणं चुकले आणि म्हणाले, मागची बाजू सुटते. मी चारही शॉक नवे घातले. तिसऱ्या महिन्यात म्हणाले, ब्रेक उशिरा लागतो. मी पॅड बदलले. दर खेपेला तक्रार नवी आणि चूक तीच. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर पहिल्याच महिन्यात मी त्याला हाकलून दिलं असतं.

मग वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, बोलायला फटकळ, पण भावावर जीव टाकणारी.

“अगं, काल तो मला फोनवर रस्ता विचारत होता,” त्या म्हणाल्या. “माझ्याच घरी यायचा. चाळीस वर्षं येतोय.”

“तिकडे खोदकाम चाललंय ना रस्त्याचं.”

“कुठलं खोदकाम?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“डॉक्टरांना दाखव त्याला. तू नाही दाखवलंस तर मी येऊन घेऊन जाईन.”

“हा रविवार जाऊ द्या, वन्सं. गाडी आता बरोबर लागलीय. एक फेरी जरी बिनचूक झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“आणि नाही झाली तर?”

“तर दाखवू. गाडीची किल्लीही तुमच्याच हातात देते.”

बोलून बसले खरी. आपल्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे मी शंकूंवर सोडून दिलं होतं.

शनिवारी दुकान बंद झाल्यावर गाडी अलाइनमेंटच्या रॅकवर घेतली. माप घेताना चालवणारा सीटवर बसलेला लागतो, कारण त्याच्या वजनानं गाडी एका अंगाला बसते. हे शहाण्या मुलासारखे तासभर बसले. मी खाली पाना फिरवत होते. वरून थोड्या थोड्या वेळानं आवाज यायचा, “आपण कशासाठी थांबलोय गं?” मी प्रत्येक वेळी सांगितलं. चिडले नाही. मी चिडले नाही हेच मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण माझा स्वभाव तसा नाही. चारही चाकांचे आकडे केसभरही इकडेतिकडे नव्हते. बावीस वर्षांत इतकी सुरेख गाडी मी कुणाचीच लावलेली नाही.

रविवारी तपासनीस वाकून वाकून सगळं बघून गेला. टायरवरचा झिजेचा आकडा, बार, चाकांचे नट, हेल्मेट. “वहिनी, तुमच्या गाडीत चूक काढायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायला हवं,” असं म्हणून त्यानं काचेवर चिठ्ठी चिकटवली. मी हसले.

वाट आम्ही दोघं मिळून चाललो. एकदा, दोनदा, तीनदा. हे तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते: डावं, लांब उजवं, मग तीन शंकूंतून नागमोडी. हे चौथ्यांदा निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. तळहातावर त्यांनी बॉलपेननं वाट काढली होती आणि घामानं ती अर्धी पुसली होती. दोघांनाही ती दिसली.

पहिली फेरी अर्ध्यावरच चुकली. “मागून सुटतेय,” हे म्हणाले.

मी टायरमधली हवा थोडी कमी केली. मनात म्हटलं, देवा, हवेचाच दोष असू दे.

दुसऱ्या फेरीत नागमोडी संपली आणि गाडी थांबली. इंजिन चालू, पुढची चाकं सरळ, भोवती शंकूच शंकू. हे आत बसून मान इकडे फिरवत होते, तिकडे फिरवत होते. सगळं पटांगण बघत होतं. शेवटी वाटेच्या कडेला उभा असलेला झेंडेवाला चालत गेला आणि हातानं वाट दाखवत यांना बाहेर घेऊन आला.

“स्टिअरिंग अडकलं,” हे उतरून म्हणाले. चेहरा पांढराफटक. “तूच चालवून बघ. बघ म्हणजे कळेल तुला.”

एकाच गाडीवर दोघांना शर्यतीत उतरता येतं, म्हणून माझंही नाव नावापुरतं लिहिलेलं होतं. हेल्मेट घातलं आणि गेले. शर्यत मला येत नाही, पण गाडी कळते. मी दोष शोधायला गेले होते. एखादी खडखड, स्टिअरिंगमध्ये एक गाठ, ब्रेकला जरासा हिसका, काहीही चाललं असतं. सांगेन तिकडे ती वळत होती. मुद्दाम जोरात हिसडली तरी जागेवर आली. नागमोडीतून अशी निघाली की कुणालाही हेवा वाटावा. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा हेल्मेटच्या आत मी ओक्साबोक्शी रडत होते.

बाहेर हे वाट बघत उभे होते, निकालाला आलेल्या पोरासारखे.

“काय निघालं?”

बावीस वर्षांत मी कुणाला खोटा दोष सांगितलेला नाही. “मागचा उजवा शॉक गेलाय,” मी म्हणाले. “तेल गळलंय सगळं.”

“वाटलंच मला,” हे म्हणाले, आणि त्यांचे खांदे खाली आले. तिसरी फेरी आम्ही घेतलीच नाही. मी मनाशी ठरवलं, वन्संनाही हेच सांगायचं. नवा शॉक येईपर्यंत महिना निघेल. महिना काही कमी नसतो.

घरी येताना मी चालवत होते. पहिल्या सिग्नलला यांनी विचारलं, “काय निघालं गं गाडीत?”

“मागचा उजवा शॉक.”

“वाटलंच मला.”

पुलाजवळ पुन्हा विचारलं. तेव्हा माझं डोकं वन्संना काय सांगायचं ते जुळवण्यात गुंतलं होतं.

“पुढचा डावा,” मी म्हणाले.

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं. चारही शॉक बसवताना यांनीच एकेक हातात धरून दिले होते. टोका मला, मी मनातल्या मनात म्हणत होते, आत्ताच मागचा म्हणालीस म्हणून ओरडा माझ्यावर.

“वाटलंच मला,” हे म्हणाले, तितक्याच समाधानानं, आणि खिडकीतून बाहेर बघू लागले.

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि वन्संना फोन लावला.