शुभेच्छुक कोंडीराम व्हिएन्नाला

परळच्या टॉवरांमधून मांजरं पडतात. कबुतराच्या नादात बाविसाव्या मजल्यावरून खाली येतात आणि जगलीच, तर तोंडातली दुभंगलेली टाळू घेऊन मेघनाच्या टेबलावर येतात. मेघना ही तिथल्याच एका चाळीतली पहिली डॉक्टर, जनावरांची सर्जन होऊ घातलेली. अशा एकेचाळीस टाळू तिनं स्वतःच्या पद्धतीनं शिवल्या होत्या. व्हिएन्नाच्या परिषदेत ते टाके दाखवायचे आणि जाणत्यांनी त्यावर प्रश्न विचारायचे, एवढंच तिला हवं होतं.

दादरला एक न्यास होता. शिकाऊ पशुसर्जनांमध्ये सगळ्या थरांतली माणसं यावीत, म्हणून तो परिषदेचं तिकीट देई. मुलाखतीत चाळीतला नळ, आईचं शिक्षण, आजोबांचं गाव, सगळं खोदखोदून विचारलं गेलं. मांजराचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी म्हणाले, तुमच्या समाजासोबतचा एक फोटो तेवढा पाठवा.

चाळीच्या दारावर अभिनंदनाचा फ्लेक्स तोवर लागलाही होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. फ्लेक्सच्या रीतीप्रमाणे मेघना कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. खाली शुभेच्छुकांची रांग. आणि मधोमध गॉगल लावून, हात जोडून, पुरुषभर उंचीचे मंडळाचे अध्यक्ष कोंडीराम. अख्खी चाळ एका फोटोत आयती मिळाली, म्हणून मेघनानं तोच पाठवला.

पंधरा दिवसांनी कोंडीरामांच्या नावानं तिकीट आलं.

मेघना तडक दादरला गेली. न्यासाच्या सीमाताईंनी तिला चहा दिला आणि शांतपणे समजावलं, "फोटोत मधोमध हे दिसले, चौकशी केली. असा उमेदवार आम्हाला आजवर मिळाला नव्हता. अडुसष्ट वर्षांचे, गिरणी कामगार, शस्त्रक्रियेचा गंधही नाही. याहून वेगळं कोण असणार?"

ठराव एकमतानं झाला होता. तो फिरवायला वार्षिक सभा लागणार, आणि ती परिषदेनंतर. मेघनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी मांजरं शिवली आणि मान मिळाला गॉगलला.

कोंडीराम बिचारे ओशाळले. ते तिकीट परत करायला गेले, तर न्यासानं त्यांच्या विनम्रतेची नोंद घेऊन दैनिक भत्ता वाढवला. श्रीलंकेच्या धम्मयात्रेमुळे पासपोर्टही तयार होता. पळवाट म्हणून उरली नाही. चाळीनं हार घालून त्यांना निरोप दिला, देखरेखीला सीमाताई सोबत गेल्या.

व्हिएन्नाच्या मंचावर कोंडीराम शाल पांघरून उभे राहिले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी खिशातून फोन काढला, व्हिडिओ कॉल लावला आणि तो मंचावरच्या कॅमेऱ्यासमोर धरला. मागच्या पडद्यावर परळचं ऑपरेशन टेबल उमटलं.

"मेघे, बोल गं बाळा," ते म्हणाले. "मी धरून उभा आहे."

टेबलावर बेचाळिसावं मांजर होतं. मेघना टाके घालत बोलत गेली. पाऊण तास कोंडीरामांचा हात खाली आला नाही.

प्रश्नांची वेळ झाली. उमेदवाराची पार्श्वभूमी विशद करायला सीमाताईंनी माईक मागितला, पण तो मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सर्जनबाईंनी आधी घेतला. टाक्यावर ताण येऊ नये म्हणून काय करता, त्यांनी विचारलं. मग कुणी दोऱ्याची जाडी विचारली, कुणी सुईचा कोन. नळाचं कुणालाच पडलं नव्हतं.

मेघनाचे डोळे भरून आले. दोन्ही हात मांजराच्या तोंडात, पुसणार कशानं? एवढ्यात म्हाताऱ्या बाईंनी पुन्हा विचारलं, मांजर खायला कधी लागतं?

"तिसऱ्या दिवशी," मेघना म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.