महेंद्रला ऐकू जाईल एवढी पॉवर

लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे बिनतारी संदेशाच्या पलटणीतून, सुभेदार होऊन घरी आलेल्या माणसाला भुताची भीती घालायला जाऊ नये. तो आधी एरियल तपासतो. साताऱ्याचा राजाराम तसाच होता. त्याच्या हॅम रेडिओवर, म्हणजे घरच्या हौशी बिनतारी सेटवर, रोज दुपारी महेंद्रचा आवाज यायला लागला, तेव्हा त्याला घाम फुटला नाही. आपल्या सेटची पॉवर कमी पडतेय, एवढंच त्याच्या मनात आलं.

महेंद्र त्याचा एकुलता एक मुलगा, मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर. ब्याण्णवच्या पावसाळ्यात ते जहाज अरबी समुद्रात बुडालं. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, महेंद्रचं लागलं नाही. भावकीतली माणसं पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्याच्या नावानं वंदना म्हणायचा दिवस ठरवायला आली, तर राजारामनं त्यांना उंबऱ्यातूनच माघारी लावलं. "आदी मुडदा दावा," म्हणाला, "मंग वंदना म्हना." त्याची बायको चंद्राबाई हिनं पोराच्या फोटोला हार घातला नाही, की तो फोटो भिंतीवरून काढलाही नाही.

आणि आता वर्षभरानं हा आवाज. खरखरीत, लांबचा, पण त्याचाच.

"बाबा, ऐकू येतंय का? ओव्हर."

राजाराम घसा फोडून उत्तर द्यायचा. पलीकडून पुन्हा तेच यायचं. मिरजेचा नाथाजी, त्याचा पलटणीतला जोडीदार, राजारामच्या सांगण्यावरून त्याच फ्रिक्वेन्सीवर कान लावून बसला. मग त्याचा फोन आला. "गड्या, मला निस्ता तुजाच आवाज येतोय. दुसरं कुनी न्हाई."

"तुजी एरियल बोंबललीया," राजाराम म्हणाला आणि त्यानं मिरजेची एसटी धरली.

नाथाजीनं वाद घातला नाही. मिलिटरीच्या जुन्या सेटमधले दोन मोठे काचेचे वॉल्व्ह ट्रंकेतून काढले आणि लुंगीत गुंडाळून दिले. भंगारवाल्याकडं कुठल्याशा मोडक्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर मिळाला, जात्याच्या तळीसारखा जड. घरी आल्यावर राजाराम तहानभूक विसरून सेटची पॉवर वाढवणाऱ्या अँप्लिफायरच्या मागं लागला. पत्र्याला भोकं पाडली, कथलाचे डाग दिले, तांब्याच्या जाड तारेची वेटोळी वळायला चंद्राबाईचं लाटणं नेलं. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी तिनं मुकाट्यानं भाकरी थापल्या.

"आवं," ती एकदाच म्हणाली, "त्यो आपल्याला कायतरी इचारंल. काय सांगनार हाय तुमी त्याला?"

"आदी आवाज पोचू तर दे."

अँप्लिफायर तयार झाला त्या दुपारी राजारामनं खटका दाबला. वॉल्व्ह तापले. माणूस माइकवर बोलायला लागला की त्यांच्या पोटात निळी झाक हलते, गप्प बसला की थांबते. त्यात नवल काही नाही. राजारामनं माइकचं बटण दाबून पोराला हाक मारली. झाक नाचली. त्यानं बटण सोडलं.

झाक नाचतच राहिली. इथून कुणीच बोलत नव्हतं. राजारामच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

"बाबा! आलं ऐकू!" आवाज असा, की पोरगा दारातच उभा आहे. "किती हाका मारल्या. हितं माज्यासंगं कुनी बोलत न्हाई. जहाज दिसत न्हाई, पानी बी दिसत न्हाई. भूक लागत न्हाई. मी कुठं हाय, बाबा? मला काय झालंय? ओव्हर."

ओव्हर म्हणजे आता समोरच्यानं बोलायचं. राजारामनं बटण दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. बटण दाबून धरलं की पलीकडचं ऐकू येत नाही, आणि त्या घडीला त्याला तेच बरं वाटलं. पोराला मेलेलं मानायचं नाही म्हणून त्यानं वर्षभर सगळ्यांची तोंडं बंद केली होती. त्यात पोरालाही कुणी सांगितलं नव्हतं. हे त्याला आत्ता कळलं.

चंद्राबाई पदराला हात पुसत आली आणि माइकवर वाकली.

"म्हेंद्रा, तू गेलास, बाळा. जहाज बुडालं. आमी तुला सांगाय पायजे हुतं. आमच्यानं धीर झाला न्हाई."

राजारामनं बटण सोडलं. निळी झाक थिजून राहिली होती. बऱ्याच वेळानं ती जराशी हलली.

"कवा, आई?" आणि मग, सवयीनं, "ओव्हर."

राजारामनं पुन्हा बटण दाबलं. चंद्राबाई जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी पाऊस कसा होता, सांगावा घेऊन कोण आलं, बाबांनी भावकीला कसं परत पाठवलं, त्याचे कपडे तिनं कुणाला दिले नाहीत ते. आवाज बसेपर्यंत ती सांगत राहिली. मग ट्रान्सफॉर्मर तेवढा घुमत होता.

आता बटण सोडायचं होतं. राजारामचा अंगठा उठेना.

"सोडा," चंद्राबाई म्हणाली. "त्यो रडत असंल, तर आपन ऐकाय नको व्हय?"

राजारामनं अंगठा उचलला.