मुंगी नसलेलं घर

अंबिकाबाईंनी मुंग्यांशी उघड वैर धरलं ते धोंड्याचा महिना लागल्यावर. एरवी पुंडलिकनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मुंग्या, झुरळं आणि अंबिकाबाईंचे यजमान बिभीषण असे सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते. पण यंदा लेक शीलाच्या लग्नानंतरचा पहिला धोंडा होता. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तांब्याच्या ताटात दिवा ठेवून तेहतीस अनारसे द्यायचे, ही रीत. जावई अजिनाथ गरीब स्वभावाचा, पुढ्यात येईल ते खाणारा. त्याची भीती नव्हती. भीती होती ती त्याच्याबरोबर बिडकीनहून येणाऱ्या त्याच्या आईची, द्वारकाबाईंची.

कारण शीलाची नोकरी द्वारकाबाईंच्या हो-नाहीवर अडकली होती. क्रांती चौकाजवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर पोरीला घेतलं होतं, पण ड्यूटी सकाळी सहाची. एवढ्या पहाटे बिडकीनहून यायचं कसं? शीलानं दर आठवड्याला शनिवारपर्यंत आईकडं राहावं, असा तोडगा निघाला. त्यावर द्वारकाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या होत्या, "धोंड्याला येतेच की. घर बघते, मंग सांगते."

घर बघते! विहीणबाई घर बघणार आणि नेमकी अनारशावर मुंगी निघणार, हे अंबिकाबाईंना स्वप्नातसुद्धा दिसायला लागलं. मग काय विचारता! उंबऱ्याला हळद, मोरीत कापूर, ओट्याच्या आणि देव्हाऱ्याच्या कडेनं मुंग्यांचा खडू, डब्यांखाली पाण्यानं भरलेल्या पराती. अनारशांचा डबा पंख्याशेजारच्या हुकाला टांगला. बिभीषणरावांना स्टुलावर चढवून भिंतीतली एकेक भेग पांढऱ्या सिमेंटनं बुजवून घेतली. उन्हाळ्याचे दिवस, घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला.

"आगं, जेवायला जावई यायलाय का मुंग्या?" ते वरून म्हणाले.

"तुमी भेगा बुजवा. पोरीच्या नोकरीचा सवाल हाय."

धोंड्याच्या दिवशी सकाळी अंबिकाबाईंनी चष्मा लावून, ओणवं होऊन सगळं घर तपासलं. मुंगी नाही. झुरळ नाही. पालसुद्धा कंटाळून शेजारच्या सुरेखाबाईंकडं राहायला गेली असावी. अंबिकाबाईंना स्वतःचाच अभिमान वाटला आणि तो लपवावा असंही त्यांना वाटलं नाही.

पाहुणे आले. द्वारकाबाई म्हणजे उंचीपुरी, नऊवारीतली, मेंढरांमागं निम्मा जिल्हा पायी हिंडलेली बाई. हातातली कापडी पिशवी त्यांनी कोपऱ्यात टेकवली, पाणी प्याल्या आणि खरोखरच घर बघायला उठल्या. अंबिकाबाई मागोमाग.

"बघा विहीणबाई, हात लावून बघा. आमच्या घरात एक मुंगी घावायची नाय तुमाला!"

"एकबी नाय?" द्वारकाबाई थबकल्या.

"शपथेला नाय!"

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. "मंग आता वं कसं करावं? माझा नेम हाय. धोंड्याचा महिनाभर मुंग्यांना पीठसाखर घातल्याबिगर तोंडात घास घालत नाय मी. सकाळी निघायच्या घाईत ऱ्हाऊन गेलं. म्हणलं, विहीणबाईच्या घरी मुंग्या असतीलच की."

ताट वाढलेलं होतं. घोंगडीवर बसलेल्या अजिनाथापुढं वाफाळते धोंडे, त्यावर तुपाची धार, शेजारी आमटी. त्याचा हात धोंड्याकडं निघाला आणि आईकडं नजर जाताच माघारी आला.

"तू जेव की रं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तू उपाशी आन मी कसा जेवू?" असं तो म्हणाला खरा, पण हे आपण का म्हणालो, असंच त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग त्या घरात मुंगीचा शोध सुरू झाला. ज्या भेगा बिभीषणरावांनी बुजवल्या होत्या त्याच ते आता उलथन्यानं उकरायला लागले. शीलानं परातीतलं पाणी ओतून दिलं. अंबिकाबाईंनी मोरीत वाकून पाहिलं, गॅसखाली पाहिलं, शेवटी देवांना बाजूला सारून देव्हाऱ्यात पाहिलं. काम चोख केलं की असं होतं. नाइलाजानं त्यांनी नवऱ्याला बशी देऊन सुरेखाबाईंकडं पिटाळलं.

"वहिनी, चारदोन मुंग्या हायत का?" बिभीषणरावांनी दारातून विचारलेलं अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

"म्हणजे? आमचं घर घाण दिसतं का तुम्हाला?" सुरेखाबाईंनी दार जे आपटलं, त्याचा दणका इकडं ताटापर्यंत आला. बिभीषणराव रिकामी बशी घेऊन परत आले.

द्वारकाबाई रागावल्या नव्हत्या, पण विचारात पडल्या होत्या आणि ते जास्त वाईट होतं. "माझा सासरा रानात मेंढरं बसवायच्या आधी वाकून जमीन बघायचा," त्या सावकाश म्हणाल्या. "मुंगी दिसली तरच बसवायचा. म्हणायचा, जितं मुंगीचं पोट भरत नाय तितं आपलं काय भरंल? आन विहीणबाई, ज्या घरात मुंगी टिकत नाय त्या घरात माझी सून कशी टिकावी?"

शीलानं आईकडं पाहिलं. पोरीचे डोळे भरून आले होते आणि ते पाहून अंबिकाबाईंना त्या खडूसकट स्वतःला कुठंतरी गाडून घ्यावंसं वाटलं.

"बाहिर लिंबाखाली बघू चला," असं म्हणून द्वारकाबाई अंगणात गेल्या. मागून बिभीषणराव, त्यांच्यामागं ताटाकडं वळून वळून बघत अजिनाथ.

आणि तेवढ्यात अंबिकाबाईंना मुंग्या दिसल्या.

चांगली शिस्तीत रांग होती. काळ्या, तुकतुकीत, घाईत असलेल्या. ती रांग द्वारकाबाईंच्या पिशवीतून निघत होती. पिशवीत सुनेसाठी आणलेला गुळाच्या लाडवांचा डबा होता आणि त्याचं झाकण तिरकं बसलं होतं. मुंग्या कोपऱ्यातून निघून देव्हाऱ्याच्या रोखानं आल्या होत्या आणि खडूच्या रेघेपाशी अडून गोंधळल्या होत्या.

अंबिकाबाईंच्या मनात जे आलं ते काही फार सात्त्विक नव्हतं. नुसती हाक मारायची: "विहीणबाई, या, तुमच्याच पिशवीत बघा!" बस. घर बघायला आलेल्या बाईच्याच डब्याला मुंग्या! पुंडलिकनगरात दहा वर्षं पुरला असता हा किस्सा. हाक ओठांवर आलीसुद्धा. पण स्वयंपाकघराच्या दारात शीला उभी होती. तिनंही मुंग्या पाहिल्या होत्या, पिशवीही पाहिली होती, आणि ती आईकडं पाहत नुसती मान हलवत होती, नको, नको.

अंबिकाबाईंनी हाक गिळली. पायानं पिशवी हलकेच दाराकडं सरकवली. मग नव्या साडीचा पदर ओला केला, खाली बसल्या आणि स्वतः आखलेली खडूची रेघ स्वतःच्या हातानं पुसून काढली, जमीन दोनदा ओल्या पदरानं धुऊन घेतली. मुंग्यांनी क्षणभर अंदाज घेतला आणि त्या देव्हाऱ्याखाली शिरल्या.

"अवो या! घावल्या, घावल्या! आमच्या देव्हाऱ्याखालीच हायत!"

सगळे धावत आले. द्वारकाबाई गुडघ्यावर बसल्या, कमरेच्या बटव्यातली चिमूटभर पीठसाखर रांगेच्या कडेला सोडली आणि हात जोडले. मग मान वर करून म्हणाल्या, "मघाशी तर म्हणल्या, एक बी नाय."

"पावन्यांपुढं सगळेच तसं म्हणतेत, विहीणबाई," अंबिकाबाई म्हणाल्या. "खरं सांगते, लई मुंग्या हायत आमच्यात. आवरत नायत."

बिभीषणरावांनी तोंड उघडलं. बायकोनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते मिटलं.

मग जेवणं झाली. अजिनाथानं किती धोंडे खाल्ले ते कुणी मोजलं नाही. तो मोजू देण्याच्या वेगात जेवतच नव्हता. अनारशांचा डबा हुकावरून उतरला, दिवा लागला, ताट दिलं गेलं. द्वारकाबाईंनी मनापासून पुरण वाखाणलं, पण नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. अंबिकाबाई वाढत होत्या, हसत होत्या, आणि आतून नुसत्या कढत होत्या.

निघायची वेळ झाली. रिक्षा दाराशी उभी राहिली. द्वारकाबाईंनी पिशवी उचलली, आतला लाडवांचा डबा शीलाला दिला आणि रिकामी पिशवी पायरीवर दोनदा झटकली. तिच्यातून मागं राहिलेल्या पाचसहा काळ्या मुंग्या पायरीवर पडल्या आणि लगबगीनं आत घरात गेल्या. दोघी विहिणी त्यांच्याकडं बघत राहिल्या. अंबिकाबाईंना कुठं बघावं ते कळेना.

द्वारकाबाईंनी मुंग्यांकडून नजर काढून अंबिकाबाईंच्या ओल्या, खडूनं पांढऱ्या झालेल्या पदराकडं पाहिलं. तो त्यांनी हातात घेतला, बोटांनी चोळून पाहिला आणि आपल्या हातानं झटकून विहिणीच्या खांद्यावर नीट बसवला. रिक्षात बसल्यावर त्या बाहेर वाकून म्हणाल्या, "मुंग्या ऱ्हाऊ द्या तुमाला. सून तेवढी शनिवारच्या शनिवारी माघारी धाडत जा."