मी, वामनरावांची वेताची खुर्ची

मला पाहून हसू आलं असेल तर आधी हसून घ्या. मी एक खुर्ची बोलतेय. लाकूड अस्सल सागवानी, हात रुंद, पाठ वेताची आणि बसायच्या जागी मधोमध एक मोठं गोल भोक. ज्यांच्या घरात कुणी म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, त्यांना त्या भोकाचा अर्थ लगेच कळतो. बाकीचे मला मोडकी समजतात. मी मोडकी नाही, आणि माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हालाही ते पटेल.

चंडीगड शहर उभं राहत होतं तेव्हाच माझाही जन्म झाला. नव्या राजधानीच्या नव्या कचेऱ्यांसाठी आम्हा खुर्च्यांची पलटणच तयार झाली होती. सगळ्यांचे पाय उघडलेल्या कात्रीसारखे तिरके. मी एका मोठ्या साहेबाच्या खोलीत गेले. लोक दारातूनच माझ्याकडे बघून वाकायचे. ते साहेबाला वाकतात हे मला कळत होतं, पण थोडा मान मी माझ्याही खात्यात धरायची. तोरा होता मला, कबूल करते.

मग सहासष्ट साल आलं. पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले, राजधानी मात्र दोघांची एकच राहिली. कचेऱ्यांमधून खडू घेतलेली माणसं टेबलं-कपाटांवर खुणा करत फिरू लागली. आमच्या साहेबाला खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवायची सवय होती, त्यामुळे माझा एक पाय खिळखिळा झाला होता. पंजाबवाल्यांनी मला हलवून पाहिलं. हरियाणावाल्यांनीही हलवून पाहिलं. मग दोघांनी मोठ्या मनानं एकमेकांना 'तुम्हीच घ्या' म्हटलं. इतर प्रत्येक वस्तूवरून भांडलेले ते लोक माझ्या बाबतीत तेवढे एकदम समजूतदार झाले. मी व्हरांड्यात धूळ खात पडले आणि शेवटी लिलावात गेले.

तिथं मला वामनराव आपट्यांनी घेतलं.

वामनराव मूळचे मिरजेचे. केंद्र सरकारच्या हिशेबाच्या खात्यात नोकरी, दर थोड्या वर्षांनी बदली. झाशी, अंबाला, सिमला असं करत ते चंडीगडला आले होते. त्यांनी मला सायकलरिक्षात चढवलं आणि माझ्या हातावर हात ठेवून स्वतः मागून चालत आले. घरी आल्यावर मला रिठ्याच्या पाण्यानं इतकं घासलं की माझं पॉलिश निघायची वेळ आली. माणूस भारी सोवळ्याचा. दुसऱ्याच्या पेल्यानं पाणी प्यायचे नाहीत आणि दुसऱ्याच्या जागेवर बसायचे नाहीत. सुतारानं माझा पाय पक्का केला, नवा वेत विणून घेतला, आणि मग वामनरावांनी घरात जाहीर केलं, "हिच्यावर माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही." त्यांच्याआधी माझ्यावर किती जण बसून गेले होते, ते मी काही त्यांना सांगितलं नाही.

पुढं त्यांनी सेक्टर एकवीसमध्ये घर बांधलं. लाल विटांचं, पुढं हिरवळीचा तुकडा आणि सिमेंटची जाळी. गृहप्रवेशाच्या दिवशी त्यांच्या पत्नी शालिनीबाईंनी हातोडी घेतली आणि समोरच्या भिंतीत एक खिळा ठोकला. त्यावर टांगायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"अहो, जन्म सरकारी क्वार्टरात गेला," त्या म्हणाल्या. "खिळा ठोकायला ओव्हरसियरला विचारा, जाताना भोक बुजवून द्या. ही माझी भिंत आहे."

वामनराव हसले. ते रिटायर झाले की मिरजेला परत जायचं असं दोघं पूर्वी बोलायचे. त्या खिळ्यानंतर तो विषय कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

फार सुखाची वर्षं होती ती. हिवाळ्यात मला हिरवळीवर उन्हात ठेवायचे. वामनराव माझ्यात बसून शेंगा फोडायचे आणि शेजारच्या गुरचरण कौर कुंपणापलीकडं स्वेटर विणत शालिनीबाईंशी गप्पा मारायच्या. एकीचं हिंदी पंजाबी, दुसरीचं मिरजेचं, तरी दोघींचं कधी अडलं नाही. मुलगा रघुवीर इथंच शिकला, वाढला आणि नोकरीला लागला तो थेट पुण्यात. वामनरावांना गंमत वाटायची. "आम्ही महाराष्ट्र सोडून इथं रुजलो आणि हा इथला होऊन तिकडं गेला," म्हणायचे.

वामनराव रिटायर झाले, आणि काही वर्षांनी एका सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून माझ्या हातावर सांडला. उजवी बाजू गेली होती. इस्पितळातून जीव वाचवून आणलं, पण पुढचं सगळं घरीच करायचं होतं.

आणि इथं त्यांचं सोवळं आडवं आलं. घराचा संडास मागच्या अंगणापलीकडं, पायऱ्या उतरून, आणि तोही उकिडवं बसायचा. घर बांधताना ओव्हरसियरनं इंग्रजी कमोड सुचवला होता. वामनरावांनी त्याला झिडकारलं होतं: "चारचौघं टेकलेल्या जागेवर मी टेकू?" आता त्यांना उकिडवं बसता येईना. अंथरुणातलं भांडं पाहिलं की ते तोंड फिरवायचे, दिवसदिवस अन्न टाळायचे. त्यामुळे चार धिप्पाड अटेंडंट ठेवावे लागले, दिवसा एक जोडी, रात्री दुसरी. ते त्यांना उचलून अंगणापार न्यायचे आणि दोन बाजूंनी धरून बसवायचे. एवढ्यासाठी चार माणसांचा पगार.

पेन्शन त्यात विरघळून गेली. मग बँकेतलं गेलं, मग शालिनीबाईंच्या पाटल्या गेल्या. मी व्हरांड्यात रिकामी बसून होते. माझ्यावर बसणारं माणूस आत पडलेलं आणि दुसऱ्या कुणाला बसायची परवानगी नाही.

रघुवीर पुण्याहून आला. मुलगा वाईट नाही, उगाच त्याला नावं ठेवू नका. बापाची दशा बघून तो बाहेर हिरवळीवर जाऊन रडला, ते मी जाळीतून पाहिलं. मग डोळे पुसून आईसमोर बसला.

"आई, मी पक्का विचार केलाय. घर विकू. पुण्यात चांगलं नर्सिंग होम आहे. सगळं ते लोक बघतात. त्या पैशात बाबांचं निभेल."

"आणि मी?"

"तू आमच्याकडं."

"म्हणजे ते एका दारात, मी दुसऱ्या दारात."

"दुसरा रस्ता आहे का, तू सांग ना. हे चार जण असेच राहिले तर वर्षभरात घर तसंही जाईल. रविवारी एक पार्टी बघायला येतेय. नुसतं बघू दे, यार आई."

 दुपारभर शालिनीबाई व्हरांड्यात माझ्यासमोर जमिनीवर बसून होत्या. माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं, बिचारी नवऱ्याची आठवण काढतेय. मग त्या उठल्या, आतून सुरी घेऊन आल्या आणि माझा वेत कापायला लागल्या.

काय सांगू तुम्हाला. नुकताच दिवाळीला विणलेला नवाकोरा वेत. मला ओरडता येत असतं तर अख्खा सेक्टर गोळा केला असता. एवढ्या मोठ्या कचेरीतली मी, साहेबाच्या खोलीतली, आणि माझी ही गत? त्यांनी मधोमध गोल भोक पाडलं, कडेला जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि खाली स्टुलावर एनॅमलचं भांडं ठेवून उंची पाहिली. मग मला ओढत आत नेलं आणि पलंगाला लागून उभं केलं.

वामनरावांनी डोळे उघडले. भोक पाहिलं. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

"ही माझी बसायची खुर्ची आहे."

"म्हणूनच आणली."

"हे नाही जमायचं मला."

"का नाही? अंथरूण नाही, परका कमोड नाही. तुमच्याखेरीज कुणी बसलंय का हिच्यावर? पडदा लावते. मी बाहेर थांबते."

"लाज वाटते."

शालिनीबाईंचा आवाज चढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मी असा ऐकला. "चार परकी माणसं तुम्हाला गाठोड्यासारखं उचलून अंगणातून नेतात, त्याची नाही वाटत? त्या चौघांपायी घर चाललंय. तुमचं सोवळं सांभाळायला मी पाटल्या दिल्या, पण भिंती नाही द्यायची."

वामनरावांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या रडत बाहेर गेल्या. आम्ही दोघंच उरलो, ते आणि मी, एकमेकांवर रुसलेले.

रविवारी सकाळी पार्टी आली. सुटातला माणूस, बोलायला गोड. त्याचा आवाज व्हरांड्यातून आत येत होता. "ये दीवार तो निकाल देंगे. ये जाली भी. ऊपर एक मंजिल और चढ़ा देंगे. नाम का घर है, असली चीज तो प्लॉट है जी." मग पुढच्या खोलीत टकटक ऐकू आली. तो बोटानं भिंत वाजवून बघत होता.

पलंगावर वामनरावांचा डावा हात हलला. त्यांनी मूठ वळून पलंगाच्या कडेवर आपटली. शालिनीबाई धावत आल्या.

"बसव," ते म्हणाले.

"आत्ता? लोक आलेत हो."

"आत्ताच बसव."

गुरचरण कौर चहाला हातभार लावायला आल्याच होत्या. अंगापिंडानं भक्कम बाई. एकीनं पाठ धरली, दुसरीनं पाय खाली सोडले. वामनरावांनी डाव्या हातानं माझा हात गच्च पकडला, आणि बघता बघता ते माझ्यावर होते. किती दिवसांनी त्यांचं वजन अंगावर घेतलं मी! वेताचा, भोकाचा, साहेबाच्या खोलीचा, सगळा राग कुठल्या कुठं गेला.

दोघी बाहेर गेल्या आणि पडदा ओढला गेला. एवढ्यात सूटवाला त्या खोलीच्या दाराशी आला. शालिनीबाई चौकटीत आडव्या उभ्या राहिल्या.

"अंदर नहीं जा सकते, भाईसाब. हमारे साहब बैठे हैं."

"बस एक मिनट, कमरा देख लूँ."

तेव्हा पडद्यामागून वामनराव बोलले. आजारापासून त्यांचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "अंदर आदमी है."

मग त्यांनी आपला वेळ घेतला. काम केव्हाच झालं होतं, मला ठाऊक होतं ते. तरी ते उठायचं नाव घेईनात. बाहेर चहा झाला, बिस्किटं झाली, सूटवाला घड्याळ बघू लागला, आणि आत वामनराव माझ्या पाठीला रेलून बसलेले, खांदे हलतायत. आधी मला वाटलं रडतायत. नंतर कळलं, हसू आवरत होते.

शालिनीबाईंनी सूटवाल्याला फाटकापर्यंत सोडलं. "माफ कीजिए, मकान बिकाऊ नहीं है," त्या म्हणाल्या. रघुवीर मागं उभा होता. त्यानं फाटकाची कडी लावून घेतली.

महिना संपल्यावर ती चार माणसं गेली. आंघोळीपुरता सकाळी एक जण यायचा. वामनराव हळूहळू माझे हात धरून स्वतःच पलंगावरून सरकायला शिकले. पाटल्या काही परत आल्या नाहीत, दूध कमी झालं, शालिनीबाईंची कंबर दुखायची. पण घर राहिलं, आणि त्या घरात वामनराव आणखी काही हिवाळे आरामात जगले. गेले तेही दुपारचं जेवण झाल्यावर, स्वतःच्या पलंगावर, शालिनीबाई समोर पान लावत बसलेल्या असताना.

तेरावं झाल्यावर मला भंगारात द्यायचं ठरत होतं. तेवढ्यात गुरचरण कौर यांच्या सासूबाई पडल्या, खुबा मोडला. गुरचरण कौर स्वतः आल्या, मला उचललं आणि घेऊन गेल्या. विचारलंसुद्धा नाही. तिथून एका डॉक्टरांच्या वडिलांकडं, मग एअर फोर्समधल्या शैलजाबाई गद्रे यांच्या आईकडं. आता सेक्टरा-सेक्टरात माझं नाव आहे. जाईन तिथं भिंतीआडून तेच बोलणं ऐकू येतं: करणार कोण, परवडणार कसं, विकायचं का. सगळी घरं काही मला वाचवता आली नाहीत. एक तर मी तिथं असतानाच विकलं गेलं. पण खूपदा असं दिसलं, की खर्च आजाराचा कमी आणि लाजेचा जास्त असतो. लाजू नका एवढंच माझं मागणं आहे.

आज पुन्हा निघायचंय. मी परत शालिनीबाईंकडं येऊन व्हरांड्यात ऊन खात होते, तर खालच्या सेक्टरातले एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले, त्यांच्या वडिलांसाठी. रघुवीरही आलेला आहे. शालिनीबाईंचे गुडघे गेलेत, भिंत धरून चालतात. कालपासून तो त्यांच्या मागं लागलाय, "आई, आता तरी चल. इथं तुझं कोण करणार?" त्या मटार सोलत ऐकून घेत होत्या.

टेम्पो आला तशा त्या उठल्या. माझ्या हातावर हात ठेवून त्या गृहस्थांना म्हणाल्या, "ले जाइए. काम हो जाए तो इधरही वापस लाना. अब मेरा नंबर है."

ते गृहस्थ गोंधळले. रघुवीर आईकडं बघत राहिला. मग तो खाली वाकला, मला स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं, दोरीनं नीट बांधलं.

"पक्का वापस लाना, भाईसाब," तो म्हणाला. "मेरी माँ यहीं रहेगी."

तर ज्यांच्याकडं मी चाललेय त्यांनी माझ्यावर खुशाल बसावं, लवकर बरं व्हावं आणि मला वेळेवर परत पाठवावं. सेक्टर एकवीसमध्ये माझं घर आहे.