खोकल्याची खूण

धाकट्या लेकीला जुळी झाली, त्याच वर्षी नावाड्याच्या डोळ्यांपुढे धुकं साचलं. नातवंडं बघायला गेला तेव्हा त्याला दोघांची तोंडं सारखीच दिसली. सगळे म्हणाले, जुळीच ती, सारखीच दिसणार! त्याची बायको तेवढी गप्प राहिली. एकाच्या डोक्यावर केसांचं रान, दुसरीचं डोकं म्हणजे लख्ख गोटा.

गाव लहान, तळं मोठं. तळ्यात जुन्या किल्ल्याची अर्धी बुडालेली भिंत आणि भिंतीच्या भोकांत हिवाळ्यात उतरणारे पक्षी. ते बघायला लांबलांबून माणसं यायची. नावाडी त्यांना होडीतून भिंतीपाशी नेई आणि बोट करून पक्षी दाखवी. भिंत अजून सावलीसारखी दिसे, वाट हातांना पाठ होती. पक्षी मात्र दिसेना. डॉक्टरांनी हात टेकले होते. होडीचा परवाना पर्यटन कचेरीचा, तिथं कळलं की संपलं.

"होडी गेली तर मी काठावरचा बगळा," तो बायकोला म्हणाला. "एका पायावर उभं राहायचं नि दुसऱ्यांच्या होड्या बघायच्या."

"बघायला दिसायला नको?" ती बोलून गेली आणि जीभ चावून त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

तोड तिनंच काढली. चहाचा थर्मास घेऊन ती होडीत मागच्या फळीवर बसू लागली. पक्षी डावीकडे दिसला की एकदा खोकायचं, उजवीकडे दिसला की दोनदा. नावाडी ऐटीत हात उचलायचा, "तो बघा!" परक्यांपुढे तिला शब्द फुटत नसे, पण खोकायला काय लागतं? झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

परवाना नवा करण्याआधी कचेरीतल्या साहेबबाई स्वतः होडीत बसणार होत्या. नेमकी त्याच दिवशी बायकोला खरीखुरी सर्दी झाली.

"तू आज घरीच थांब."

"आणि तुम्ही काय, हवेत बोटं नाचवणार? चला."

भिंतीपाशी पोचले आणि तिला जी उबळ आली ती थांबेना. नावाडी डावीकडे हात करी, उजवीकडे करी, परत डावीकडे, चौकातल्या पोलिसासारखा. "तो बघा! हा बघा! अहो, तिकडे!" साहेबबाईंची मान फिरून फिरून अवघडली. खोकल्याला भिऊन पक्षी केव्हाच उडाले. उबळ ओसरली तेव्हा नावाड्याचा हात उजवीकडे ताणलेला होता, आणि तिकडे नुसतं पाणी.

साहेबबाई मागे वळल्या. "काकू, यांना दिसत नाही ना?"

"मॅडम, परवाना माझा आहे," नावाड्यानं वल्ही आवरली. "तिला काही बोलू नका."

"मी काकूंना विचारतेय."

"लांबचं दिसत नाही," बायको रुमालाआडून म्हणाली.

"मग खोकता कशाला? सांगत का नाही?"

"मला बोलता येत नाही."

"मग आत्ता काय करताय?"

तेवढ्यात भिंतीत काहीतरी हललं आणि बायको साहेबबाईंना विसरली. "अहो, एक पक्षीण परत आली! खालच्या भोकात. नुसतं डोकं बाहेर काढून बघतेय, भांडण ऐकायला आलेल्या शेजारणीसारखी."

"रंग?"

"पोट पिवळं. आपलं पहिलं स्वयंपाकघर होतं ना, तसलं."

"तो भिकार पिवळा?" नावाडी हसला. "तूच पसंत केला होतास."

"आणला कुणी?"

नावाड्यानं भिंतीकडे तोंड केलं. "दिसली गं," तो हळूच म्हणाला.

साहेबबाईंनी पिशवीतून परवान्याचा कागद काढला. मग म्हणाल्या, "परवाना दोघांच्या नावावर करू. हात काकांचे, डोळे आणि तोंड काकूंचं."

"तोंड घरी पहिल्यापासून तिचंच आहे, मॅडम."

पुढे ती कधीच लोकांकडे बघून बोलली नाही. नवऱ्याला सांगायची, लोक ऐकायचे.

पाच वर्षांनी, पक्षी परत गेले त्या आठवड्यात, नावाडी दुपारच्या झोपेत वारला. वल्ही पुतण्यानं घेतली. बायको होडीत येत राहिली आणि पुतण्याशेजारच्या मोकळ्या फळीकडे बघून "अहो" म्हणूनच सांगत राहिली. त्यानंतरचा तिसरा हिवाळा उजाडायच्या आत तीही गेली.