उपाशी रोपं

वहिनींच्या स्वच्छतेचा रोपवाटिकेत दराराच होता. वाफ्यातली माती त्या तीनदा चाळायच्या आणि वर उकळतं पाणी ओतायच्या. पाइनचं बी ओल्या वाळूत घालून तीन आठवडे त्यांनी घरच्या फ्रिजमध्ये गारठवलं. नणंद रोज विचारायची, "वहिनी, ही उसळ कधी शिजणार?"

बी झकास रुजलं. टरफलाची टोपी डोक्यावर घेऊन इवली रोपं वर आली, तेव्हा वहिनींनी मनोमन हात जोडले. एकटीच्या हाताने केलेला त्यांचा हा पहिलाच वाफा.

पण दोन महिन्यांत रोपं पिवळी पडली, मग जांभळट झाली. खत घातलं, तरी ढिम्म! वनअधिकारी म्हणाले, "दीड महिना बघू. नाहीतर उपटून टाका."

सासऱ्यांची हयात लाकूडतोडीत गेलेली. ते वाफ्याशी उकिडवे बसले. "सूनबाई, रोपं उपाशी आहेत."

"अहो मामंजी, खत घातलंय की!"

"ताट वाढलंस गं, पण भरवणारं कुणी ठेवलंस का?"

त्यांनी पाइनच्या जुन्या झाडांखालून टोपलीभर अर्धवट कुजलेली, सुईसारखी पानं आणली. त्यांत पांढऱ्या तंतूंचं जाळं पसरलेलं.

"अगं बाई, बुरशी! ही तर मी वेचून फेकते!"

"तेच चुकलं. गळलेल्या पानांतलं सत्त्व हीच मुळांच्या तोंडी घालते. जंगलाला खत घालायला कोण जातं?"

वहिनींच्या अगदी जिवावर आलं. तरी देवाचं नाव घेऊन त्यांनी तो कुजका पाला स्वतःच्या हातांनी मातीत कालवला.

महिनाभर काहीच नाही. मग एका कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला आणि बघता बघता पसरत गेला.

ठरल्या दिवशी साहेब आले आणि दारातच थबकले. समोरची ओळ अजून पिवळी-जांभळट! वहिनींनी घाईघाईने त्यांना आत नेलं. आत सगळं हिरवंगार.

"वा! ही पुढच्या हंगामात डोंगरावर जातील. पण ती पुढची ओळ तशी का?"

वहिनींची मान खाली गेली. "तिथे नाही घातली बुरशी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसते ना, म्हणून स्वच्छ ठेवली."

सासरे ठसका लागेस्तोवर हसले. नणंद म्हणाली, "म्हणजे पाहुण्यांसाठी रोपांना उपास!"

वहिनींनाही हसू आवरेना. साहेबांचा चहा नणंदेवर सोपवून त्या टोपली घेऊन जुन्या झाडांकडे निघाल्या.