स्वस्त दराची वेळ

“अरे, आत्ता लाव ना ती वायर.” आई पिशवी काखोटीला मारून गाडीपाशी उभी होती. “मामाला श्वास पुरत नाहीये म्हणे.”

संध्याकाळचे सहा वाजले होते. गाडीत चार्जिंग बारा टक्के आणि मामाचं घर दोन तासांवर. मुलगा वीज कंपनीत मीटर बसवायचा. संध्याकाळी वीज महाग, रात्री अकरानंतर निम्म्या दराने, गाडी तेव्हाच चार्ज करा, ही पोपटपंची दारोदार करायचा. घरच्या चार्जरलाही अकराचा टायमर लावलेला. शेजारी त्याला तोंडावर ‘निम्मा दर’ म्हणायचे आणि या गाढवाला ते कौतुक वाटायचं.

टायमर बाजूला सारायला एक बटण होतं. ते दाबलं असतं तर नऊला निघता आलं असतं. पण शिस्त मोडवेना, आणि आईशी वाद घालायचा कंटाळा. सरळ थाप मारली.

“आत्ता होतच नाही, आई. लाइनच तशी आहे. अकराला सुरू होईल, पहाटे निघू. मामा काय पळून चाललाय?”

“टॅक्सी बघू का?” बायकोने विचारलं.

“दारात गाडी असताना?”

आई आत गेली. पिशवी मात्र खाली ठेवली नाही.

पहाटे गाडी शंभर टक्के भरली होती. साडेसातला पोचले. मामा साडेतीनलाच गेला होता.

“ताई आली का, ताई आली का, एवढंच चाललं होतं त्यांचं,” मामी म्हणाली.

मामेभावाला राहवलं नाही. “आत्या, रात्रीच निघायचं होतंत.”

आई भावाच्या पायाशी बसली होती. तिने मान वर केली. “अरे, गाडीत चार्जिंगच नव्हतं. अकराच्या आधी ती वीज येतच नाही. त्याने तरी काय करावं? जीव नुसता तुटत होता त्याचा.”

त्याने खरं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एवढी हिंमत असती तर काल बटणच नसतं का दाबलं?

“डोळ्याला डोळा लागला नसेल रे तुझा,” मामी म्हणाली आणि तिने भिंतीशी उशी सरकवली. “टेक जरा.”

रात्री तो ढाराढूर झोपला होता. उशीला पाठ न लावता तो ताठ बसून राहिला.